पांढरं तेवढं ठेवायचं

"अगं, पाय आहेत की मुसळं? एक दिवस घर खाली आणशील," दुधाची चरवी चुलीपाशी टेकवत सासू म्हणाली.

सून थाड थाड टाचा आपटत दारापर्यंत गेली, उंबऱ्याशी खेळणाऱ्या पोरीला कडेवर घेतलं आणि तशीच आपटत परत आली. घर ओलीच्या जागेवर बांधलेलं, म्हणून जमीन मातीची नव्हती, जाड फळ्यांची होती. कुणी जरा जोरात चाललं की मांडणीवरची भांडी किणकिणायची. सासूचं स्वतःचं चालणं असं, की मांजरानं शिकावं. पहाटे उठून ती देवापुढं बसायची, पण घरात कुणाची झोप मोडायची नाही. गेलं वर्षभर या टाचांवरून तिनं सुनेला रागावून पाहिलं, समजावून पाहिलं, शेजारणीसमोर हसण्यावारी नेऊन पाहिलं. सून मान खाली घालून ऐकून घ्यायची, आणि पुन्हा आपली थाड थाड सुरू.

सासूला सगळं गाव चांदी म्हणायचं. कपाळावरच्या केसांत जन्मापासूनच दोन बोटं रुंदीची पांढरी बट होती तिच्या. तिच्या सासऱ्यानं मुलाला बायको पाहिली तेव्हा म्हणे एवढंच बोलला, की कळपात उठून दिसेल अशी हीच आहे. मेंढरं राखणारा माणूस, त्याची निवड करायची रीत तीच. कुत्री व्याली की पांढरं पिल्लू तेवढं ठेवायचं, बाकीची मागेल त्याला देऊन टाकायची. धुक्यात लांडगा कुठला आणि आपला कुत्रा कुठला ते लांबून कळायला हवं ना. सासरा गेला, मग नवराही गेला, रीत मात्र राहिली.

चांदीच्या मुलाला बट आली नाही, पण एक डोळा पाण्यासारखा फिका आला. गावानं त्याला घाऱ्या करून टाकलं. आणि तीन वर्षांमागं नात झाली ती थेट बट घेऊनच. चांदीनं त्या ओल्या केसांवरून बोट फिरवत येईल जाईल त्याला दाखवलं. आमच्या घरचं लेणं आहे, म्हणाली. पोरीला सगळे चांदुली म्हणू लागले. चांदुली अजून बोलत नव्हती. त्यावर चांदीचं उत्तर ठरलेलं असायचं, की घाऱ्याही उशिराच बोलला होता.

त्या हिवाळ्यात लांडग्यानं कळपातली दोन कोकरं उचलली. पांढरा कुत्रा हाकेच्या अंतरावर झोपलेला, त्यानं कान हलवला नाही. खाऊन माजलाय म्हणत घाऱ्या त्याला हाकलूनच देणार होता. पण लस टोचायला आलेल्या गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला थांबवलं आणि घरातल्या दोन्ही कुत्र्यांचं रक्त काढून नेलं. आसपासच्या साऱ्या मेंढपाळांकडून त्या असंच रक्त गोळा करत होत्या. एकेका कुत्र्याची जनुकं शेजारी शेजारी ठेवून बघतात म्हणे, मग कुठला गुण कशातून उतरतो ते कळतं.

गवत वर आलं तेव्हा बाई पुन्हा आल्या. बाहेरून आणलेली तपकिरी कुत्री व्याली त्याला दीड महिना झाला होता. टोपलीत चार पिल्लं, त्यातलं एक पांढरं. बाईंनी पत्र्याच्या डब्यात खडे घातले आणि टोपलीमागं जाऊन वाजवले. तिघांनी कान टवकारले, माना वळवल्या. चौथ्यानंही मान वळवली, पण जरा मागून.

"बघितलंत? ते शेजाऱ्याचं बघून वळलं," बाई म्हणाल्या. त्यांनी पांढरं पिल्लू एकटंच दुमडलेल्या घोंगडीवर ठेवलं आणि पुन्हा मागून डबा वाजवला. पिल्लू पंजा चाटत बसून राहिलं.

मग त्यांनी सांगितलं, की मोठा कुत्राही आळशी नाही, बहिरा आहे. रक्ताचं उत्तर आलं होतं. ज्या पेशी केसांना रंग देतात त्याच कानाच्या आतही लागतात. रंग पोचला नाही तिथं कधी कधी आवाजही पोचत नाही.

"म्हणजे ऐकणारी सगळी आम्ही गावाला वाटली," घाऱ्या हसून म्हणाला, "आणि घरात नुसती शोभेची ठेवली."

चांदी हसली नाही. तिचा हात आपसूक कपाळाकडं गेला होता.

"बाई, हे माणसांत असतं?"

बाईंनी तिची बट पाहिली, घाऱ्याचा डोळा पाहिला. मग टोपलीशी बसलेल्या चांदुलीकडं बघत त्या म्हणाल्या, मी गुरांची डॉक्टर, मावशी. पण असतं. आईबापांकडून लेकरांत उतरतं. एखाद्याला नुसती बट मिळते, एखाद्याला डोळा, एखाद्याला…

"माझे कान चांगले आहेत."

"असतील ना. सगळ्यांना सारखं होत नाही."

"कुणाला काय मिळणार, ते आधी कळतं?"

"आहे की नाही एवढं रक्तात कळतं. कितपत, ते नाही कळत."

मुळावर औषध नाही, पण यंत्रांचा कधी उपयोग होतो, पोरीला लवकर मोठ्या दवाखान्यात दाखवा, असं सांगून बाई निघून गेल्या. घाऱ्या मेंढरांमागं गेला. डबा तिथंच राहिला.

चांदीनं मागून हाक मारली, "चांदुले." पोरगी लगेच वळली. चांदीच्या जिवात जीव आला. मग तिचं लक्ष कुत्रीकडं गेलं. कान उभे करून कुत्रीही तिच्याकडंच बघत होती.

तिनं कुत्रीला टोपलीसकट बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. चुलीजवळ सांडलेल्या पिठात पोरगी बोटानं रेघा ओढत बसली होती. चांदीनं मागून डबा हलवला. मग जोरात हलवला. बाहेरच्या कोंबड्या फडफडल्या. पिठातली रेघ तशीच सरळ चालली होती. चांदी डबा वाजवतच राहिली.

"आई, पुरे." सून कधीची मागच्या दारात उभी होती. तिनं सासूच्या हातातून डबा काढून घेतला. "वर्ष झालं मला कळून."

"बोलली नाहीस."

"रोज तिची बट विंचरताना तुमचा चेहरा किती फुलतो. कुठल्या तोंडानं सांगू?"

आणि तिनं टाच उचलून फळीवर आपटली. फळी हादरली, भांडी किणकिणली. पोरीनं वळून पाहिलं, आई दिसली तशी पिठाचे हात पसरून हसली.

वर्षभर आपण काय काय बोललो ते सगळं चांदीच्या डोळ्यांपुढं आलं. संध्याकाळी ती देवापुढं बसली खरी, पण मागावं काय ते सुचेना. सुनेला दिवस गेले तेव्हा ही बट घराण्यात उतरू दे, एवढंच मागितलं होतं तिनं. देवानं ते दिलं होतं. आता ते परत घे असं तरी कसं म्हणायचं? ते काढून घ्यायचं म्हणजे पोरीलाच हात लावणं.

रात्री घाऱ्या जेवता जेवता, वर न बघता म्हणाला, की यंदा तपकिरी पिल्लू ठेवू. पांढरं कुणी घेणार नाही, ओढ्यात सोडावं लागेल.

"ते राहील," चांदी म्हणाली.



पोरगी कोपऱ्यात त्याच पिल्लाला कुशीत घेऊन पाठमोरी बसली होती. जेवायला बोलवायला म्हणून तिचं नाव चांदीच्या ओठांवर आलं. तिनं ते गिळलं, उठून चार पावलं गेली आणि टाच आपटली. इतक्या वर्षांची हलक्या पायांची सवय, पाय नीट पडलाच नाही. पोरगी तशीच पाठमोरी राहिली. सून घास हातात धरून बघत राहिली.

मग चांदीनं भिंतीला हात टेकला, पाय उंच उचलला आणि सगळा भार टाचेवर टाकला. मांडणीवरची भांडी खणखणली. चांदुली वळली. तिच्या कुशीतून पांढऱ्या पिल्लानंही मान वर काढली.