एकटीनं उचलायची न्हाई

"थांबव आधी," सविता म्हणाली. "ही बाई कुठल्या फडातली म्हनायची?"

संस्कृतीने मोबाईलवर बोट टेकवलं. पडद्यावरची कार्टूनची बाई उसाची मोळी डोक्यावर घेऊन जागच्या जागी थांबली. गोरीपान, साडीला एक सुरकुती नाही, आणि चेहऱ्यावर हसू असं, की लग्नाच्या वरातीतच निघाली आहे.

"आत्या, धंद्याचे व्हिडिओ असेच असतात. छोटे, गोड. बघणाऱ्याला पटकन कळायला हवं."

"गोड असू दे की. पर ती मोळी एकटी उचलतीया."

"मग?"

सविताने भाचीकडे पाहिलं. पोरगी हुशार. नगरजवळच्या नागापूरला एका लहानशा ऑफिसात बसून ती कारखान्यांच्या पंपांचे आणि बेअरिंगांचे हलत्या चित्रांचे व्हिडिओ बनवायची. पण ऊस तिने फक्त रसवंतीत पाहिलेला. तिच्या बापाने तिला फडात कधी नेलंच नाही, वसतिगृहात ठेवून शिकवली. सविताला आपल्या भावाचा त्याबद्दल अभिमान होता, पण आज नेमकं तेच आडवं आलं होतं.

"अगं, मोळी दोघं उचलत्यात. नवरा हात देतो, मग ती बायकोच्या डोक्यावर जाती. एकटी उचलाया गेली तर मान मोडंल बाईची."

मान म्हणताना तिचा उजवा हात आपसूक मानेवर गेला. बावीस हंगाम त्या मानेने मोळ्या वाहिल्या होत्या. आता शीर दबली होती, डाव्या हाताला मुंग्या यायच्या, आणि नगरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की डोक्यावरचं ओझं बंद. हे सांगायला डॉक्टरांचं काय जातं? फडात जोडप्याला मिळून एक कोयता म्हणतात. बाई बसली की कोयता मोडला.

म्हणून तिने डोकं चालवलं होतं. डोक्यावरची चुंबळ सगळ्याच बायका जुन्या लुगड्याची वळतात. सविताने पाथर्डीच्या बाजारातून जुन्या जीन पँटी आणल्या, आत गोधडीचे थर घातले आणि जाडजूड चुंबळ शिवली. तिला मागे झालर लावली, मान आणि खांदे झाकणारी, काखेतून बांधायची. पाचट मानेला कापत नाही, उसाची बोचरी कूस पोलक्यात जात नाही. चाळीस शिवल्या. बाजारात एकही गेली नाही. बायका हातात घेऊन बघायच्या आणि म्हणायच्या, चुंबळ का कुनी इकत घेतं व्हय?

तेव्हा संस्कृती म्हणाली होती, आत्या, आपण व्हिडिओ करू. कार्टूनमध्ये चुंबळीच्या आतले थरसुद्धा दाखवता येतात. शनिवारी तिने 'बघून सांग' म्हणून नमुना पाठवला. तो आधी बघितला कल्याणने, सविताच्या नवऱ्याने. कल्याण साधा माणूस, आनंद पोटात ठेवणं त्याला कधी जमलं नाही. त्याने तो तिथल्या तिथे ऊसतोड टोळीच्या ग्रुपवर टाकून दिला. रविवारी संस्कृती वस्तीवर येईपर्यंत पाच गावं हसून झाली होती. लिहायचा कंटाळा, म्हणून लोकांनी बोलूनच पाठवलं होतं. "वैनी, कुठल्या गिरनीचं पीठ खाती ही बाई?" "नवरा कुठं गेलाय हिचा, सासुरवाडीला?"

सविताने कल्याणच्या मोबाईलवर ते सगळं आता ऐकलं. कान तापले. कल्याण दारात शेळीला पाला टाकत उभा होता. तो पाला टाकतच राहिला, शेळीचं तोंड भरलं तरी.

तेवढ्यात टोळी जमवणाऱ्या मुकादमाची मोटारसायकल अंगणात शिरली. बिभीषण मुकादम तसा वाईट नव्हता, पण दसरा तोंडावर आला, टोळ्या निघायची वेळ झाली, की त्याला माणसं दिसत नसत, कोयते दिसत.

"वैनी, व्हिडिओ बघितला. लई हसलो," तो म्हणाला. "आता कामाचं बोला. तुमचा कोयता धरू का सोडू?"

"मानेचं माहीत हाय ना तुमाला, मुकादम."

"हाय माहीत. पर बसून काय करनार? चुंबळी इकनार?" पोत्यातून डोकावणाऱ्या निळ्या झालरींकडे त्याने पाहिलं. "बरं, असं करू. दसऱ्याच्या आत आपल्या टोळीतल्या बायांनी ह्या घेतल्या, तर मी मानतो तुमचा धंदा हाय. न्हाई घेतल्या, तर गाडीत बसायचं. कबूल?"

दसऱ्याला आठ दिवस होते. कल्याण काही बोलायच्या आत सविता म्हणाली, "कबूल."

मुकादम गेल्यावर संस्कृती रडवेली झाली. "आत्या, माझंच चुकलं. तो व्हिडिओ काढून टाकायला सांगते सगळ्यांना."

"काढायचा कशाला?" सविता म्हणाली. तिच्या डोळ्यांत एक मिश्कील चमक आली होती, जी कल्याण चांगली ओळखत होता आणि जिला तो जरा घाबरूनही असायचा. "लोक इचारत्यात ना, नवरा कुठं गेला? आपन दावू कुठं गेला ते."

मग त्या अंगणात जे सुरू झालं ते बघायला शेजारपाजार गोळा झाला. संस्कृती लॅपटॉप घेऊन ओट्यावर. सविताने कडब्याची पेंढी आडवी टाकली आणि कल्याणला लांब, बाभळीखाली उभं केलं. "तू तिथं तंबाखू मळ. मी हाक मारली की पळत यायचं."

"पळत?"

"मग काय चालत? फडात हाव आपन."

साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवून सविता उभी राहिली. पदर कसा खोचायचा, पेंढीला हात कुठं घालायचा, ओझं डोक्यावर आलं की मान आधी कुठं आवळते, सगळं तिने करून दाखवलं. पेंढी हलकीच होती. तरी ती वर गेली तेव्हा सविताचा डावा हात थरथरला. संस्कृतीने ते पाहिलं. तिच्या चित्रातली बाई त्यानंतर गोरी राहिली नाही, आणि उगाच हसेनाशी झाली.

आधीच्या व्हिडिओत 'ऊसतोड भगिनींनो' असं गोड आवाजात कुणीतरी म्हणत होतं. सविताने ते काढायला लावलं. "भगिनी कोन? तिला वळखत न्हाई कुनी." शेवटी ती स्वतःच मोबाईलपुढे बसली. कोंबडी ओरडली, तीही राहू दिली.

नव्या व्हिडिओत काळीसावळी बाई मोळीपाशी उभी. नवरा लांब तंबाखू मळतोय. सविताचा आवाज येतो: "बया, एकटीनं उचलायची न्हाई. हाक मार." बाई हाक मारते. नवरा दचकतो, तंबाखू उधळते, धोतर सावरत पळत येतो. मग चुंबळीचे थर एकेक उलगडतात, पाचटाचं पातं झालरीवर घासून खाली पडतं. "मान आपली हाय, बया. कारखान्याची न्हाई." एवढंच.

या वेळी ग्रुपवर तो कल्याणनेच टाकला, पण सविताला तीनदा विचारून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णा आली. बावीस हंगाम सविताच्या शेजारच्या खोपीत राहिलेली ही बाई, बाजारात हिनेच चुंबळ परत ठेवली होती. मागे आणखी चौघी.

"ती नवऱ्याला पळवनारी चुंबळ दे," मनकर्णा म्हणाली. "आमच्या ह्यांनी व्हिडिओ बघितला आन् तोंड फिरवलं. म्हनलं, आता तर घ्यायचीच."

दुपारपर्यंत पोतं रिकामं झालं. मग शेवगावच्या टोळ्यांकडून विचारणा आली, मग लवकर निघून पार कर्नाटकात पोचलेल्या एका टोळीकडून. पाथर्डीच्या बाजारातल्या जुन्या जीन पँटी संपल्या. कल्याण कात्री घेऊन पँटी उसवायला बसला, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला न विचारता सांगू लागला की व्हिडिओतला तो नवरा मीच.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बिभीषण मुकादमाचा फोन आला. बराच वेळ तो इकडचं तिकडचं बोलत राहिला.

"वैनी, आमच्या मंडळीनंबी घेतली एक," शेवटी तो म्हणाला. "ती फडात जात न्हाई. तरी घेतली. मला तो व्हिडिओ दोनदा बघाया लावला. तुमचा कोयता सोडला. जिंकलात तुमी."

फोन ठेवून सविता मोठ्याने हसली. किती वर्षांनी ती अशी हसली, याचा हिशेब कल्याणला लागेना.

दसरा झाला आणि टोळीचा ट्रक निघाला, तेव्हा सगळी वस्ती रस्त्यावर होती. भांडी, शेळ्या, गोधड्या, आणि त्यांच्यावर बसलेल्या बायका. ऊस अजून दोनशे कोस लांब होता, डोक्यावर ओझं कुणाच्याच नव्हतं, तरी सगळ्यांनी चुंबळी चढवल्या होत्या. निळ्या झालरी वाऱ्यावर हलत होत्या.

"हाक मारू गं!" मनकर्णा वरून ओरडली, आणि ट्रकभर बायका खिदळल्या.

ट्रक हलला. बावीस वर्षं सविताने ट्रकमध्ये बसून गाव मागे जाताना पाहिलं होतं. आज ती जमिनीवर उभी होती आणि ट्रक लांब चालला होता. तिला दोन्ही हात वर करून हलवायचे होते. उजवा गेला. डावा खांद्यापर्यंत येऊन अडला.

कल्याणने शेजारून तिच्या कोपराखाली हात घातला आणि तो हात वर उचलून धरला, ट्रक वळणाआड जाईपर्यंत.