न वाजणारा डबा

मुकुंदरावांच्या रविवारच्या बैठकीचा एक नियम होता. सीडी कितीही रंगली, तरी मुकुंदरावांनी मान डोलावल्याशिवाय कोणी 'वा' म्हणायचं नाही. बँकेतून निवृत्त झाल्यावर एवढाच काय तो अधिकार उरला होता. आणि गेल्या दिवाळीपासून त्यांना वरचे सूर ऐकू येईनासे झाले होते. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. पत्नीला, भानुमतीबाईंना, तर मुळीच नाही.

अशात जुना प्लेअर बंद पडला.

"तुमचे कान म्हंजी तराजू, मुकुंदराव. तुम्हीच ऐका, तुम्हीच ठरवा," म्हणत बैठकीतला सुदर्शन त्यांना गुलमंडीतल्या दुकानात घेऊन गेला.

दुकानदारानं दोन डबे मांडले. "साहब, हा प्लेअर. सगळं ह्याच्या पोटातच. जोडा आणि आज संध्याकाळी ऐका. हा दुसरा ट्रान्सपोर्ट. हा नुसती सीडी वाचतो. आवाज काढायला वेगळा डबा लागतो, डॅक. तो पुण्याहून मागवावा लागेल. पण आवाज एकदम साफ."

"म्हणजे हा एकटा वाजत नाही?"

"बिलकुल नाही."

"हाच द्या."

सुदर्शननं त्या पारखीपणाला मनोभावे हात जोडले.

घरी भानुमतीबाईंनी डबा फिरवून फिरवून पाहिला. "वाजत नाही ते यंत्र घेतलंत?"

"वाजेल. घाई काय आहे?"

रविवारी सुदर्शन पुतण्याचा डॅक पिशवीत घालून हजर! "म्हटलं, मुकुंदरावांना किती दिवस उपाशी ठेवायचं?"

सतारीची सीडी लागली. मंडळी मुकुंदरावांच्या मानेकडे बघत बसली. तबल्याचा डग्गा घुमत होता. सतार मात्र कोणी गोधडीत गुंडाळून ठेवल्यासारखी. मान डोलवावी तर कुठं? सदरा घामानं ओला झाला. शेवटी ते म्हणाले, "मला वरचं काही ऐकू येत नाही."



"व्हय की!" सुदर्शन म्हणाला. "मला बी तेच वाटत हुतं. वरचं कायच नाय!"

"सतार साफ झोपलीय," श्रीरंग वकिलांनी दुजोरा दिला. "उद्याच परत करा."

"अहो, मी माझ्या कानांचं बोलतोय."

"त्या कानांवर तर आमचा भरवसा!"

दारातून भानुमतीबाई हळूच म्हणाल्या, "मला तर तार न् तार ऐकू येतेय."

मंडळी समजूतदारपणे हसली.

"काय म्हणाली ती?" मुकुंदरावांनी सुदर्शनला विचारलं.

सुदर्शननं सांगायला तोंड उघडलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि तसंच मिटलं. सतार वाजतच होती.