कोपऱ्यात रोज येणारा परका

मी कांद्या. नाव भाजीचं असलं तरी मी कुत्रा आहे. लहानपणी माझा रंग लाल कांद्यासारखा होता, म्हणून आमच्या घरातल्या मुलीने, वेदिकाने, हे नाव ठेवलं. मला फार बोलायची सवय नाही. कुणी अनोळखी आलं की मी आधी सोफ्यामागे जातो आणि मग भुंकतो. पण माझ्या बाबतीत जे घडलं त्याने मी इतका हादरलोय, की आज बोलल्याशिवाय राहवत नाही.

माझा जन्म अंबडच्या एका कारखान्यात, कँटीनच्या मागे झाला. वेदिकाचे पप्पा, ललित, तिथे मशीनवर काम करतात. एका संध्याकाळी त्यांनी मला डब्याच्या पिशवीत घालून नाशिकच्या इंदिरानगरातल्या घरी आणलं. त्यांची बायको दीपमाला हिने पिशवी उघडली आणि माझ्याकडे पाहतच राहिली.

"आणि डबा?"

"डबा... कँटीनमध्ये राहिला वाटतं."

"धन्य आहे तुमची! डबा विसरलात आणि कुत्रं आणलंत!"

पण शिकवलं मला तिनेच. झोपून उठलो की खाली, जेवलो की खाली, खेळ झाला की खाली. खाली कडुलिंबापाशी काम उरकलं की पोळीचा तुकडा आणि डोक्यावर हात. घरात चुकून झालं, तर ती गुपचूप पुसायची आणि मला लगेच खाली न्यायची. हळूहळू मला कळलं. घर आपलं आहे, तिथे घाण करायची नाही. कडुलिंब सगळ्यांचा आहे. दाराला पंजा घासला की कुणीतरी दार उघडतं, हेही मी शिकलो. दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या कुत्र्याला याहून जास्त शिक्षण लागत नाही.

मग दिवाळी आली. पार्किंगमध्ये कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. तो आवाज माझ्या पोटात शिरला आणि देवघराच्या कोपऱ्यात मला लघवी झाली. मी लाजेने मान खाली घातली. दीपमालाने फडक्याने पुसून घेतलं. गोष्ट तिथेच संपायला हवी होती.

पण त्याच आठवड्यात ललितची आई, गोजराबाई आजी, नामपूरहून राहायला आली होती. आजी सोवळ्याची. तिने "अरे देवा, देवाच्या दारात!" म्हणून कपाळावर हात मारला आणि पिशवीतून एक बाटली काढली. गावच्या गोठ्यातलं गोमूत्र. तुळशीच्या पानाने तिने ते कोपऱ्यात शिंपडलं.

"आता झालं शुद्ध," ती म्हणाली.

शुद्ध? माझ्या पाठीवरचे केस उभे राहिले. मी जवळ जाऊन हुंगलं आणि माझा माझ्या नाकावर विश्वास बसेना. तिथे एक प्रचंड जनावर येऊन गेलं होतं! आमच्यात लघवी म्हणजे दारावरची पाटी असते. 'ही जागा माझी' असं त्यावर लिहिलेलं असतं. आमच्या घरात, माणसं जिथे हात जोडतात त्याच जागी, कुणा परक्याने आपली पाटी लावली होती. मी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ललित मोबाईल बघत होते. वेदिका चकली खात होती. कुणालाच धक्का बसला नव्हता!

घर वाचवायचं कुणी? मी पाय वर केला आणि त्या पाटीवर आमची पाटी लावली.

पाठीत चप्पल बसली. दीपमालाने मला त्याआधी कधी मारलं नव्हतं. मार फार लागला नाही, पण मी सुन्न झालो. मी घर राखलं होतं आणि मला मार मिळाला होता.

तिने पुसलं, वर फिनेल टाकलं. फिनेलने माणसांचं नाक भरतं, माझं नाही. त्यावर आजीने पुन्हा शिंपडलं. म्हणजे तो परका पुन्हा आला. मग मलाही पुन्हा उत्तर द्यावं लागलं. असं रोज होऊ लागलं. आधी पानाने शिंपडणारी आजी मग ओंजळीने शिंपडू लागली. परका रोज मोठा होत होता. आजीसारखी मायाळू बाई त्याला स्वतःच्या हाताने घरात का आणते, हे काही केल्या मला समजेना.

"आई, किती शिंपडता? पायाला चिकट लागतंय," दीपमाला म्हणायची.

"मग काय करू? तुझं कुत्रं रोज विटाळ करतंय."

"माझं कुत्रं? तुमच्या लेकाने आणलंय, डबा विसरून!"

एकदा वेदिकाची मैत्रीण पायल खेळायला आली आणि नाक दाबून परत गेली. वेदिका रडली. त्या संध्याकाळी ललित म्हणाले, "बस झालं. रविवारी याला नामपूरला सोडून येऊ. मळ्यात राहील."

"पप्पा, तो तिथे कुणालाच ओळखत नाही!"

"ओळख होते गं."

दीपमाला नुसती माझी ताटली घासत राहिली. ताटली कधीच स्वच्छ झाली होती, तरी ती घासत होती.

रविवारी गाडीत ललित, आजी आणि मी. वेदिका गॅलरीतून हात हलवत होती. माझी ताटली आजीच्या पायाशी होती आणि तिच्याशेजारी ती बाटली. बाटली रिकामी झाली होती. आजीला ती भरून घ्यायची होती.

नामपूरला पोचलो. ललितच्या चुलतभावाचा, पुंजारामचा मळा. कांदे साठवायच्या चाळीपलीकडे गोठा होता. मी साखळीसकट आत शिरलो आणि जागीच थिजलो.

तो वास! तोच परका! समोर एक पांढरी गाय शांतपणे रवंथ करत होती. कोपऱ्यातल्या पाटीचा मालक हा? मी रस्त्यावर लांबून गायी पाहिल्या होत्या, पण ही आमच्या देवघरात राहणारी गाय होती! मला वाटलं होतं, दात-नखं असलेलं काहीतरी असेल. तिने माझ्याकडे पाहिलं, कान हलवला आणि पुन्हा रवंथ करू लागली. माझ्याशी तिचं काही भांडणच नव्हतं.

गाईने शेपूट उचललं. पुंजारामने घाईने तांब्या धरला, थोडं खाली सांडलं. सवयीने मी पुढे झालो, हुंगलं आणि पाय वर केला.

पुंजाराम खो खो हसला. "काकू, तुमचं नाशिकचं कुत्रं लय तरबेज हाय! गाय मुतली की लगेच त्याच जागी हजर!"

त्याने मला ओढून बाजूला केलं. खाली पुन्हा थोडं सांडलं. मी पुन्हा गेलो.

"पाहा, पाहा! परत!"

आजी हसली नाही. ती माझ्याकडे पाहत होती. मग तिने हातातल्या बाटलीकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला आणि ती गव्हाणीच्या कडेला मटकन बसली.

"काय झालं, आई? चक्कर आली का?" ललितने विचारलं.

"मीच आणस रे," ती म्हणाली. भांबावली की ती अहिराणी बोलते. "हाऊ वास घरमां मीच आणस. हे जनावर त्याच्यावर मुततंय."

"काहीतरीच काय! गोमूत्राने घर शुद्ध होतं, तूच म्हणतेस ना?"

"आपलं होतं रे. त्याला कुठे ठाऊक शे?"

ललित डोकं खाजवत उभे राहिले. त्यांना पटलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "ठीक आहे, एक संधी. पण उद्या सकाळी त्याने पुन्हा तिथे केलं, तर मी इथे आणून सोडणार. मग वेदिका रडली तरी ऐकणार नाही."

घरी येताच आजीने पदर खोचला. गरम पाणी, साबण, मग पाण्यात पांढरं व्हिनेगर. गुडघ्यांवर बसून तिने तो कोपरा घासला, फरशीच्या फटीही ब्रशने घासल्या. दीपमाला दारात अवाक उभी होती.

"आई, उठा. मी करते."

"तू रोज करतेस. आज मला करू दे."

"आणि देवाचं?" दीपमालाने हळूच विचारलं.

"गंगेचं पाणी हाय ना तांब्यात. तेच शिंपडू. त्याला त्यात कुणी दिसायचं नाय." मग थोडं थांबून आजी म्हणाली, "त्याला चप्पल मारू नको गं आता." दीपमालाने मान वळवली आणि डोळे पुसले.

आता सकाळ झाली आहे. सगळे देवघरापाशी उभे आहेत. ललितच्या हातात गाडीची किल्ली आहे. वेदिकाने डोळ्यांवर हात घेतलेत, पण बोटांच्या फटीतून ती बघतेय. आजीचे ओठ हलताहेत.

मी कोपऱ्याकडे जातो. खाली वाकून हुंगतो. साबण. काहीतरी आंबट. गंगेचं, म्हणजे आमच्या गोदावरीचं पाणी, झेंडू, आजीचे हात. आणखी एकदा हुंगतो. परका गेलाय. खरंच कुणी नाही. इतके दिवस ज्याच्याशी मी लढलो, तो असा एका ब्रशने निघून जातो, यावर माझा विश्वास बसत नाही. इथे आता उत्तर द्यायला कुणाचा प्रश्नच उरलेला नाही.

मी वळतो, सगळ्यांच्या पायांमधून वाट काढतो आणि बाहेरच्या दाराला पंजा घासतो.

कुणी हलत नाही. आजीच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय. ललितचं तोंड उघडं आहे. दीपमाला वेदिकाला घट्ट धरून उभी आहे. चौघंही माझ्याकडे असं बघताहेत, जणू मी बोलायला लागलोय.

तर मग ऐका, बोलतोच. माणसांनो, तुम्ही आम्हाला घरात आणता, आमचं नाव ठेवता, आमची ताटली घासता. आमची चूक झाली तर रागवा, पण आधी एकदा खाली वाकून बघा, आम्ही कशाला उत्तर देतोय ते. बाकी माझं काही मागणं नाही. रडणं, हसणं, मला कुशीत घेणं, सगळं नंतर करा.

आधी तेवढं दार उघडा. मला खरंच जोराची लागली आहे.