न उकळता

"पेशंटलाही असंच उकळणार आहेस का गं, शहाणे?"

ताई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतली माझी सीनियर. माझ्या प्रयोगाचा फोटो हातात धरून ती विचारत होती. मी बनवलेला आरएनएचा छोटा तुकडा एका लांब आरएनएला चिकटायला हवा होता. तो चिकटला की त्या लांब आरएनएवरून बनणारं घातक प्रथिन थांबणार होतं. फोटोत जोडी जमलेली दिसत होती. जेलीसारख्या थरातून जड जोडी हळू सरकते, म्हणून तिची पट्टी वर. पण त्यासाठी मी दोघांना आधी भरपूर तापवून मग सावकाश थंड केलं होतं. शरीराच्या तापमानाला वरची पट्टी गायब. उद्यापर्यंत सरांना तापवल्याशिवायचा फोटो दाखवायचा होता, नाहीतर काम बंद.

"पण अक्षरं तर एकूण एक जुळतात," मी कुरकुरले. आरएनएच्या साखळीतल्या घटकांना आम्ही अक्षरं म्हणतो.

"जुळू देत. तो मोकळा बसलाय का तुझ्यासाठी?"

तिने टिश्यूच्या खोक्यावर लांब आरएनए काढला. केसांच्या आकड्यासारखा तो स्वतःवरच दुमडलेला होता. दोन्ही बाजूंनी एकमेकींना घट्ट धरलं होतं. फक्त वळणावरची थोडी अक्षरं मोकळी. माझा तुकडा नेमका घट्ट भागासाठी होता. तापवल्यावर मिठी सुटायची, म्हणून तो शिरायचा.

"म्हणजे वळणावर पकडायचं?"

"आली गाडी रुळावर!"

वळणावरच्या अक्षरांपासून जुळत जाणारा एक तुकडा माझ्याकडे होता. लहान म्हणून मीच त्याला फ्रीजरमध्ये टाकलं होतं. पण लांब आरएनए मी उकळून उकळून संपवला होता.

ताईने आपल्या डब्यातून एक नळी काढली. तळाशी जेमतेम थेंब.

"ताई, हा तुझ्या थीसिससाठी ठेवलेला..."

"त्यात रडू नकोस. अश्रूंनी आरएनए तुटतो."

आम्ही दोघींनी मिळून प्रयोग लावला, न तापवता. पडद्यावर फोटो उमटला, तेव्हा वरची पट्टी ठळक होती. तुकड्याने आधी मोकळी अक्षरं धरली होती आणि मग मिठी सोडवत तो खाली उतरला होता.

ताईने माझ्या पाठीत धपाटा घातला. "जा, दाखव सरांना."

सरांनी फोटो पाहिला, मान डोलावली. काम सुरू राहिलं.

मी परत आले, नवे हातमोजे चढवले आणि ताईची रिकामी नळी बाजूला ठेवली. तिच्यासाठी ताजा आरएनए बनवायला घेतला.

"कुणी सांगितलं गं तुला?"

"कुणी नाही," मी म्हटलं, "तू तुझं लिहीत बस."