टेबलाच्या पायाखालचे धानकिडींचे पुस्तक

मित्रांनो, माझी पाने शहाण्णव आहेत. त्यांपैकी आठ फाटली आहेत, चार वाळवीने खाल्ली आहेत. चित्रे एकतीस, त्यांत रंगीत सहा. मी धानावरच्या किडींचे एक जुने पुस्तक आहे आणि मी चिडलेले आहे.

१९९९ साली मी छापले गेले आणि कामठ्याजवळच्या एका गावातल्या वाचनालयात आले. माझ्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली आहे: बांधावर उभे राहून मत देऊ नका, बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरा. पाच जागा निवडा, प्रत्येक जागी धानाचे दहा चुडे, म्हणजे रोपांचे झुबके, बुडाशी वाकून पाहा आणि दिसेल ते लिहा. उदाराम नावाचे शेतकरी मला पिशवीत घालून बांधीत नेत. "या पुस्तकानं माहं धान वाचवलं," असे ते चारचौघांत सांगत.

मग लक्ष्मीचंद ग्रंथपाल झाले. त्यांचा नियम होता, धानाचे पुस्तक धानाच्या हंगामातच द्यायचे. कापणी झाली की मी कपाटात बंद. २००८ साली वाचनाच्या टेबलाचा एक पाय मोडून आखूड झाला आणि माझी जाडी त्याला बरोबर भरली. सहा वर्षे मी त्या पायाखाली होते. आठ पाने तिथेच फाटली. विनोदी चुटक्यांची पुस्तके मात्र काचेआड स्वच्छ होती. त्यांना हंगाम नव्हता!

गावातली स्नेहल बी.एस्सी.ला होती. दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दुपारी दंडार, म्हणजे नाचगाण्याचा खेळ, सुरू होण्याआधी ती मंचावर एकटी उभी राहून लोकांना हसवू पाहत होती. २०१३ साली तिने काचेआडचे चुटके पाठ करून सांगितले. लोक दोनदा हसले. प्रेक्षकांतले जागेश्वर खालून ओरडले, "कायले पुण्याच्या सिग्नलचं सांगून राहिली वो? आपले बैल थांबतेत का सिग्नलले?" त्यावर मात्र सगळे पोट धरून हसले.

मंडई भरवणाऱ्या मंडळाचे घनश्याम म्हणाले, "पुढच्या साली पाच मिनिटं. लोकायनं दंडार मागितली, का तू खाली. मंग मंच विसरून जाय."

मे महिन्यात ती पुन्हा चुटके वाचायला बसली. पेन्सिल पडली, ती वाकली आणि तिला मी दिसले. तिने मला ओढताच टेबल कलले.

"अवो, थे किडीचं हाय," लक्ष्मीचंद म्हणाले. "हंगाम लागला नाही अजून. आन् तुले तं हसवाचं हाय!"

"काका, टेबलाखाली घातलं तवा कोनता हंगाम होता?"

त्यांनी वही ओढून माझी नोंद केली.

तिने माझी पद्धत जशीच्या तशी उचलली. हापशी, रेशन दुकान, चक्की, एसटी थांबा आणि चहाटपरी. प्रत्येक जागी दहा हशे होईपर्यंत थांबायचे आणि हसण्याआधी कोण काय बोलले ते लिहायचे. पन्नासपैकी अडतीस वेळा माणूस स्वतःची फजिती सांगत होता. चुटका एकदाही नव्हता.

मला राग याचाच येतो. हसवायचे म्हटले की तुम्ही मुलांच्या हातात चुटके देता. माणसाकडे वाकून पाहायला कोणी शिकवत नाही. ते माझ्या पानांत होते आणि माझ्यावर टेबल होते! मित्रांनो, पुस्तक कोणाच्या कामाचे हे त्याच्या नावावरून ठरवू नका. आणि टेबल डुगडुगत असेल तर सुताराला बोलवा.

२०१४ च्या मंडईत स्नेहलची मावशी रुक्माबाई मला मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसली. स्नेहल मंचावरून बोलू लागली, "मले पाहाले पाहुने आले. पोराचा मामा फाटकातूनच म्हनते, 'पोरगी झकास हाय, पसंत!' अवो, थे माही वयनी होती, हापशीवरून पानी आनून राहिली होती. मी तं आत साडीले पिना लावत बसली होती!"

प्रत्येक हशाला रुक्माबाईने माझ्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने एक रेघ ओढली.

वेळ अकरा मिनिटे. रेघा सत्तावीस. दंडारीची मागणी शून्य.