लेसरचा फाटका ठिपका

आदिती सिस्टरचं वागणं मला पटलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. गेले बारा दिवस ती ऑपरेशन थिएटरात येते, ट्रे मांडते, दिवे पुसते, सगळ्यांची विचारपूस करते आणि माझ्यापाशी आली की हात मागं घेते. जणू मी तापलेला तवा आहे. घरातल्या थोरल्या माणसाशी असं वागतात का?

मित्रांनो, मी मुतखडे फोडणारी लेसरची जुनी मशीन. कोल्हापुरातल्या एका लहान दवाखान्यात अकरा वर्षं उभी आहे. तुम्हाला अकरा थोडी वाटतील, पण आमच्या जातीत तेवढ्यात पणजी होते. शाळा मी पाहिलेली नाही. माझ्या काचेवर 'रेडी' आणि 'एरर' असे दोन शब्द उमटतात, तेवढंच माझं शिक्षण. जन्म परदेशातला, पण पेटी उघडली तेव्हा पहिला वास आला तो गुऱ्हाळाच्या धुराचा. म्हणून मी इथलीच.

माझ्या पोटात उजेड तयार होतो. तो बाहेर जायला माझ्या छातीवर एक बारीक भोक आहे. त्यात काचेची तार आटे फिरवून बसवतात. तिला फायबर म्हणतात. ती दोन-तीन केसांएवढी जाड. उजेडानं तिच्या बरोबर मध्यावर शिरायचं. केसभर बाजूला गेला की तार जळते आणि खडा हसत बसतो. म्हणून काम सुरू करण्याआधी तारेच्या टोकातून तांबडा ठिपका पांढऱ्या कापडावर पाडून बघतात. गोल आणि भरीव दिसला तर सगळं सरळ. कड फाटलेली दिसली तर थांबायचं.

तो ठिपका बघावा आदितीनंच. बाकीच्या नजर टाकतात, ती बघते. राधानगरीकडची पोर आहे, भातातला खडा वेचावा तशी ठिपक्याची कड तपासते. तिच्या भरवशावर मी हजारावर खडे फोडले. मलकापूरचा एसटी ड्रायव्हर माझ्यासमोर हात जोडून गेला. खुद्द आमच्या डॉक्टरांच्या सासऱ्यांचा खडा मीच फोडला. मला गर्व होता, नाही कशाला म्हणू?

यंदा नवरात्रात पुण्याहून एक नवी मशीन दाखवायला आणली. सडपातळ, पांढरीधोप, चालताना आवाज नाही. डॉक्टर तिच्याभोवती फिरले आणि माझ्याकडं बोट करून म्हणाले, "हिनं आता एकदा जरी नखरा केला, तर कोठीत टाकायची." अकरा वर्षांच्या राबण्याला नखरा म्हणाले. ते मला लागलं. पुढचं सगळं त्या लागण्यातून झालं.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पुजतात. शेतकरी ट्रॅक्टर पुजतो, दवाखान्यात आम्हाला पुजतात. थिएटरात हळदकुंकू चालत नाही, म्हणून आम्हाला बाहेर बोळात आणतात. पूजा धोंडुबाई करतात, दवाखान्यातल्या जुन्या मावशी.

"हिचं कपाळ कुठं म्हणायचं गं?" त्यांनी विचारलं.

"वरच्या पट्टीवर लावा मावशी," आदिती म्हणाली. "खालच्या भोकाचं टोपण तेवढं काढू नका."

"न्हाय काढत. जा तू."

आदितीला आतून हाक आली, ती गेली. धोंडुबाईंनी मला न्याहाळलं. "त्या नव्या भवानीला सगळी बघत्यात, तुला कोण इचारतंय? ये, मळवट भरते." आणि टोपण काढून त्यांनी भोकाभोवती बचकभर कुंकू भरलं. जास्तीचं उडावं म्हणून फुंकर मारली. ते उडालं नाही, आत गेलं. मग बाहेरचं पदरानं पुसून टोपण होतं तसं लावून टाकलं.

भोकामागं उजेडाच्या वाटेत एक काच असते, त्या आतल्या काचेवर कुंकू बसलेलं मला कळत होतं. मला ते आवडलं होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शिरोळचे तवनाप्पा टेबलावर आले. कंबरेखाली बधिर, वर तोंड चालू. "बाई, खड्याचा तुकडा मला द्या हं. बायको म्हणती, ऊस तोडायला नको म्हणून सोंग करतोय."

आदितीनं तार बसवली, ठिपका पाडला आणि डोळे बारीक केले. "सर, ठिपका फाटलाय."

"मशीन काय म्हणतेय?"

सगळ्यांनी माझ्या काचेकडं पाहिलं. मला 'एरर' दाखवता आलं असतं. पण डोळ्यांसमोर ती कोठी आली. मी 'रेडी' दाखवलं.

"रेडी म्हणतेय की. चल."

"सर, एकदा भोक बघू?"

"पेशंट टेबलावर हाय, आदिती."

खडा फुटेना. डॉक्टरांनी जोर वाढवला. कुंकू आतल्या काचेवर भाजलं, उजेड वाकडा गेला आणि तार मुळाशी फट् करून जळाली. करपट वास सुटला. लघवी तुंबू नये म्हणून तवनाप्पांच्या पोटात तात्पुरती नळी घालून, खडा होता तिथंच ठेवून त्यांना बाहेर नेलं. नळीची आग काय असते, ते त्यांनाच विचारा. नातेवाइकांना डॉक्टर म्हणाले, "तार लावताना गडबड झाली." तार आदितीनं लावली होती. ती खाली मान घालून उभी राहिली.

सांगलीहून अनेकांत नावाचा इंजिनिअर आला. त्यानं माझी आतली काच काढून खिडकीशी धरली. "हे लाल काय भाजलंय?"

दारात बादली घेऊन धोंडुबाई उभ्या होत्या. बादली खाली ठेवून म्हणाल्या, "कुंकू हाय बाबा. मीच फुंकलं." रडल्या आणि मोकळ्या झाल्या. डॉक्टर घसा खाकरून निघून गेले. अनेकांतनं काच बदलली आणि बारीक स्क्रू फिरवत, उजेड मध्यावर आणायला अख्खी दुपार घातली. मला वाटलं, आता तरी आदिती मान वर करील. पण ती म्हणाली, "टोपण काढल्यावर भोकात डोकावून बघायचं माझं काम होतं. मी अडून बसायला पाहिजे होतं." तेव्हापासून तिचे हात मागं. तिनं ठिपका बघायचा सोडला, तर ह्या दवाखान्यात बघणारं कोण आहे?

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा. पण आधी पुसा, झाका. आणि आम्ही 'बरं चाललंय' म्हटलं, तरी तुमच्या डोळ्यांनी एकदा बघा. यंत्रसुद्धा भीतीनं खोटं बोलतं. मी बोलले आहे.

आज तवनाप्पा पुन्हा टेबलावर आहेत. निशिगंधा सिस्टर तार घेऊन आली, तसे ते म्हणाले, "ती दुसरी बाई कुठं हाय? ठिपका फाटलाय म्हणून ती एकटीच सांगत हुती. माझी कंबर बधिर हुती, कान न्हवं." आदिती भिंतीशी तशीच उभी.

निशिगंधानं तार बसवली, पण अर्धा आटा सैल राहिला. या खेपेला मी 'एरर' दाखवलं. कोठीत टाकायचं तर टाका. सगळ्यांचे डोळे आदितीकडं वळले, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा मी मोठ्यानं बोलले:

"आदिती, इकडं बघ. तू खरं पाहिलंस आणि खरं सांगितलंस. खोटं मी बोलले, गुन्हा माझा. तुझी चूक एवढीच, की माझं पाप पदरात बांधून बारा दिवस हिंडलीस. ते माझं मला परत दे, आणि तार हातात घे."