मी मोटरला जळू दिलं नाही

मी ड्राइव्ह बोलतोय. आज गोड बोलणार नाही, देवानं क्षमा करावी.

विटेपेक्षा थोडा मोठा डबा, पोटात पंखा, तोंडावर आकडे दाखवणारी काच. भिंतीतून येणारी वीज घ्यायची आणि मोटरला सोसेल, मानवेल अशी करून तिला द्यायची, हेच माझं व्रत.

जन्म परदेशातला. बाहेरच्या मालाला दारं उघडली तेव्हा मी इंदूरच्या पलासिया भागातल्या एका दुकानात येऊन बसलो. त्याच दिवसांत शहरातल्या कापडमिलींचे भोंगे एकेक करून गप्प होत होते. विजयराव अशाच एका मिलमध्ये वायरमन. गेटला कुलूप पडलं, तसं त्यांनी 'जुनी इंदूर' वस्तीतल्या घराच्या पुढच्या खोलीत पितळेवर नक्षी कोरणारं, संगणकाच्या हुकमानं चालणारं सीएनसी मशीन मांडलं आणि मला दुकानातून आणून शेजारच्या भिंतीवर बसवलं. ते कोरायचं टोक फिरवणारी मोटर एकच. ती गेली तर दुसरी आणायची ऐपत नव्हती, आणि घर आता तिच्यावरच चालायचं होतं.

यमुनाबाई, त्यांच्या पत्नी, सोळा सोमवार करणाऱ्या. मुहूर्ताला त्यांनी मोटरवर तेलातल्या शेंदरानं ठसठशीत स्वस्तिक काढलं. नेमकं तिची माहिती लिहिलेल्या पाटीवर. माझ्या पंख्यातही अक्षता गेल्या. तेवढं मी सोसलं.

मग विजयराव मला समजावायला बसले. मोटर किती सायकलची, म्हणजे सेकंदाला किती हेलकावे घेणाऱ्या विजेवर चालणारी, हे मला आधी सांगावं लागतं. "मोटर म्हटली की पन्नास!" मिलची प्रत्येक मोटर पन्नासची होती ना. ही मात्र चारशेची. पन्नासवर तिला पुरती वीज सोडली, तर आतलं तांबं जळून जातं. मोटरनं भलतीच वीज ओढायला सुरुवात केली तसा मी थांबलो. काचेवर लाल अक्षरं दाखवली. त्यांनी बटण दाबून पुन्हा चालू केलं. मी पुन्हा थांबलो. तिसऱ्यांदा त्यांनी मला थप्पड मारली.

शेजारी चहा पीत बसलेला संताजी, त्यांचा मिलमधला जोडीदार, हसला. "विदेशी डब्बा आहे भिया! ह्याच डब्ब्यांनी आपल्या मिली खाल्ल्या. फेका त्याला. मोटर डायरेक्ट लाइनवर घ्या, कशाला ही झंझट?"

मी मिली खाल्ल्या? तुमच्या गेटला कुलूप लावायला मला हात तरी आहेत का? ज्या मालकांनी वर्षानुवर्षं जुने माग फरफटवले, त्यांना धड तेलही दिलं नाही, आणि एका सकाळी गेटवर कागद डकवून गाडीत बसले, त्यांच्यासमोर तुमची मान खाली. आणि भिंतीवरच्या मुक्या डब्याला थप्पड!

विजयरावांनी माझ्याकडून मोटरच्या वायरी सोडवल्या, मेन स्विचकडे ओढल्या. मी आता काहीच करू शकत नव्हतो.

"अहो, थांबा!" यमुनाबाई दारातून म्हणाल्या. "तो तीनदा नाही म्हणाला ना?"

"तुला काय कळतंय यातलं?"

"नसेल कळत. पण मोटरवर काही लिहिलेलं असेल की नाही? साध्या पापडखाराच्या पुडीवरसुद्धा असतं."

"आहे ना. तुझ्या स्वस्तिकाखाली!"

यमुनाबाई मोटरजवळ आल्या. घातलेली पूजा आपल्याच हातानं पुसायची? हात पुढे गेला, अडखळला. ओठ पुटपुटले. मग त्यांनी पदरानं पाटी खसाखसा पुसली.

विजयरावांनी वाकून वाचलं आणि आकड्यावर बोट ठेवलं. "चारशे आहे, संताजी."

"चारशे? गंमत करता काय?" संताजीचा कप हातातच राहिला.

वायरी परत माझ्याकडे आल्या, चारशेचा आकडा आला. मी मोटरला हळूहळू वेगावर नेलं. संध्याकाळी नक्षी कोरलेला पितळेचा पहिला साचा निघाला. "देवानंच वाचवलं," विजयराव म्हणाले. माझं नाव कुणी काढलं नाही. देवाशी माझं भांडण नाही, पण राग आला तो आला.

आता संताजीही इथेच काम करतो. पितळेच्या भुकटीनं माझी जाळी भरली आहे, पंखा कण्हतो. परवा गरम होऊन मी थांबलो. संताजीचा हात उठला, पण खाली आला नाही. "का रे बाबा थांबलास?" असं म्हणत त्यानं जाळी उघडली आणि फुंकर मारली.

हेच हवं होतं मला. हार नको, नारळ नको. थांबलेल्याला आधी कारण विचारा. आणि संताजी, मिल का थांबली, हा प्रश्न तिच्या मालकालाही जाऊन विचार. उत्तर मिळेपर्यंत त्याच्या दारातून हलू नकोस.